एका सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकं: ईआरपीनेक्स्ट होस्टिंगबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपल्या एका कंपनीसाठी सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट, म्हणजे बिलं, स्टॉक आणि हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर, कसं चढवायचं ते लिहिलं होतं, एक कंपनी एक साइट एवढंच. त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं अशा लोकांची निघाली जे हे सॉफ्टवेअर दुसऱ्यांना चालवून देतात, कुणी आधी टॅलीची कामं करायचे, कुणी सीएच्या ऑफिसात होते, आता दहावीस छोट्या धंद्यांचा हिशोब त्यांच्या सर्व्हरवर आहे. मला याचा खरंच आनंद झाला, कारण ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवलेलं, जीपीएल लायसन्सवर मोकळं ठेवलेलं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा असा उपयोग व्हायलाच पाहिजे. पण जबाबदारी मोठी आहे, म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत. वाचकांची नावं घातलेली नाहीत, फक्त गावं.

प्रश्न (इचलकरंजी): ताई नमस्कार. माझी १८ गिऱ्हाइकं आहेत, बहुतेक सूत व्यापारी आणि लूमवाले. प्रत्येकाला वेगळा छोटा सर्व्हर घेऊन दिलाय, भाडं परवडत नाही आणि अपडेट करायचं तर १८ ठिकाणी लॉगिन करावं लागतं. सगळे एका मोठ्या सर्व्हरवर आणले तर चालेल का? एकाचे भाव दुसऱ्याला दिसले तर माझा धंदाच बंद होईल, सगळे एकाच बाजारातले आहेत.

उत्तर: चालेल, ही सोय मुळातच आहे. एका बेंचमध्ये, म्हणजे सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट जिथे बसवतात त्या फोल्डरमध्ये, कितीही साइट ठेवता येतात आणि प्रत्येक साइटला मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरमध्ये स्वतःचा वेगळा डेटाबेस, वेगळा युजर, वेगळा पासवर्ड मिळतो. म्हणजे एकाच टेबलात सगळ्यांची बिलं आणि शेजारी कंपनीचं नाव असा प्रकार नाही. बेंचच्या साइट्स फोल्डरमध्ये प्रत्येकाचं वेगळं फोल्डर, त्यात त्याची साइट कॉन्फिग फाइल आणि त्याच्या फाइल्स. डीएनएस मल्टिटेनंट ही सेटिंग चालू केली की ब्राउझरने जे नाव मागितलं त्याच नावाचं फोल्डर उघडतं, पोर्ट वेगवेगळे द्यायची गरज नाही.

पण वेगळं काय यापेक्षा सामायिक काय ते आधी कागदावर लिहून काढा, त्रास तिथूनच येतो. प्रोग्रामचा कोड सगळ्यांचा एकच, कॅश आणि कामांच्या रांगा सांभाळणारा रेडिस एकच, पाठीमागची कामं करणारे वर्कर एकच, मारियाडीबीचा सर्व्हर एकच, आणि लिनक्सचा जो युजर बेंच चालवतो तोही एकच. त्यामुळे ज्याच्याकडे त्या युजरचं लॉगिन आहे त्याला १८ च्या १८ गिऱ्हाइकांच्या फाइल्स आणि डेटाबेसचे पासवर्ड उघडे आहेत. गिऱ्हाइकाच्या ऑफिसातल्या माणसाला किंवा त्याच्या बाहेरच्या डेव्हलपरला ते लॉगिन कधीच देऊ नका, तो कितीही म्हणाला की फक्त एक रिपोर्ट बघायचाय तरी. आणखी एक, व्हर्जन १५ पासून सर्व्हर स्क्रिप्ट, म्हणजे साइटच्या आतूनच लिहून सर्व्हरवर चालवता येणारा कोड, मुळात बंद असतात आणि चालू करायच्या तर कॉमन साइट कॉन्फिग या सगळ्या साइट्सच्या सामायिक फाइलमध्येच कराव्या लागतात, म्हणजे एकाने हट्ट केला म्हणून चालू केल्या तर त्या सगळ्यांसाठी चालू होतात. ज्याला सर्व्हर स्क्रिप्ट पाहिजेतच त्याला वेगळी बेंच द्या आणि तसे पैसे घ्या, माझं याबाबतीत ठाम मत आहे.

दोन बारीक गोष्टी ज्या हमखास राहतात. साइट कॉन्फिगमध्ये होस्ट नेम भरा, पूर्ण पत्ता एचटीटीपीएससकट. माणूस ब्राउझरमधून काम करत असतो तेव्हा सिस्टीमला पत्ता कळतो पण रात्री वर्करने आपोआप मेल पाठवला तर ब्राउझर नसतो, मग मेलमधली लिंक भलत्याच पत्त्याची जाते आणि गिऱ्हाइक म्हणतं तुमची लिंक उघडत नाही. दुसरं एचटीटीपीएसला लागणाऱ्या सर्टिफिकेटचं. लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी संस्था, तिचं वाइल्डकार्ड घेतलं तर तुमच्या डोमेनखालची सगळी नावं त्यात बसतात, पण ते डीएनएसमध्ये नोंद करूनच मिळतं आणि ९० दिवसांनी संपतं, म्हणून तुमच्या डीएनएसवाल्याचं एपीआय, म्हणजे स्क्रिप्टमधून नोंद करायची सोय, आहे ना ते आधी बघा नाहीतर दर तीन महिन्यांनी हाताने करत बसाल. वाइल्डकार्ड एकाच पातळीपुरतं असतं हेही ध्यानात असू द्या, नावात आणखी एक टिंब आलं की ते लागू होत नाही. आणि गिऱ्हाइकाचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याचं सर्टिफिकेट वेगळंच काढावं लागतं.

प्रश्न (पुणे, धायरी): आम्ही दोघं मित्र मिळून हे काम करतो. नवीन गिऱ्हाइक आलं की एक स्क्रिप्ट चालवतो, ती साइट बनवते, ॲप टाकते, ईमेल लावते वगैरे. दहातून दोनतीनदा ती मधेच बंद पडते, कधी नेट जातं, कधी सर्टिफिकेट मिळत नाही. मग परत चालवली की साइट आधीच आहे म्हणून थांबते. आम्ही त्यात फोर्सचा पर्याय घातलाय, त्याने काम होतं. बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि हे पत्र वाचल्या वाचल्या तो पर्याय काढून टाका, मग पुढचं वाचा.

साइट बनवणाऱ्या बेंच न्यू-साइट या कमांडला फोर्स दिलं की त्याच डेटाबेसवर नवीन साइट उभी राहते, म्हणजे जुना डेटाबेस आधी पुसला जातो. अर्धवट साइट असेल तर काही बिघडत नाही, पण स्क्रिप्टला अर्धवट आणि चालू यातला फरक कळत नाही. माझ्या हातून हे झालेलं आहे. माझ्याही स्क्रिप्टमध्ये फोर्स होतं आणि साइटचं नाव मी दुकानाच्या नावावरून बनवायचे, एका नवीन वितरकाच्या दुकानाचं नाव जुन्या एका गिऱ्हाइकाशी तंतोतंत जुळलं आणि सकाळी अकरा वाजता चालू धंद्याच्या डोक्यावर कोरी साइट उभी राहिली. सहाचा बॅकअप होता म्हणून वाचलो, पण सहा ते अकरा पाच तासांची बिलं त्यांच्या माणसांनी चलनं बघून परत मारली आणि मी त्यांच्या दुकानात बसून ती एकेक तपासली. त्या मालकांनी आवाज चढवला नाही, पण त्या दिवसानंतर मी नाव ठेवायची पद्धतच बदलली.

तर आता मी काय करते ते सांगते. गिऱ्हाइकाला आधी नंबर मिळतो आणि साइटचं आतलं नाव त्या नंबरावरूनच, दुकानाचं नाव फक्त डोमेन म्हणून वरून जोडायचं. नंबर एकदा दिला की तो परत कुणाला नाही, गिऱ्हाइक सोडून गेलं तरी नाही. मग एक वेगळी छोटी नोंदवही, साधं टेबल चालतं, त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची अवस्था लिहिलेली, मागणी आली, साइट झाली, ॲप झाले, कंपनी उभी राहिली, मेल झाला, सर्टिफिकेट झालं, बॅकअप तपासला, आणि शेवटी चालू. स्क्रिप्ट प्रत्येक पायरीच्या आधी बघते की हे झालंय का, नुसतं वहीत नाही तर खरोखर, म्हणजे साइटचं फोल्डर आहे का, लिस्ट-ॲप्समध्ये ते ॲप दिसतंय का, सेटअप विझार्ड पूर्ण झाल्याची खूण सिस्टीममध्ये आहे का. झालं असेल तर पुढे जाते, नसेल तर करते. मग ती कितीही वेळा चालवा, पहिल्यांदा चालवल्यासारखाच शेवट येतो. नेट गेलं तर गेलं, परत चालवा, जिथे थांबली तिथून पुढे.

आणि पुसायचं असेल तर फक्त ड्रॉप-साइट वापरा, तेही वहीतली अवस्था चालू नसेल तरच. ड्रॉप-साइट आधी बॅकअप घेतं आणि फोल्डर पुसून न टाकता आर्काइव्हमध्ये हलवतं, म्हणजे चूक झाली तरी परत यायला रस्ता राहतो. बॅकअप नको असा पर्याय त्याला आहे, तो स्क्रिप्टमध्ये लिहू नका.

तुम्ही दोघं आहात म्हणून आणखी एक सांगते, दोघांनी एकाच वेळी दोन लॅपटॉपवरून स्क्रिप्ट चालवली तर काय होईल? कोणतं डोमेन कोणत्या साइटकडे जातं ती एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची फाइल एक लिहितो तोवर दुसरा त्यावर लिहितो. सर्व्हरवरच एक लॉक ठेवा, एक चालू असताना दुसऱ्याला थांबावं लागेल असं.

प्रश्न (म्हापसा): आम्ही गोव्यातल्या छोट्या हॉटेलांना आणि दुकानांना ईआरपीनेक्स्ट देतो. प्रत्येक वेळी प्रिंट फॉरमॅट, रोल, कस्टम फील्ड सगळं परत करायला दोन दिवस जातात. एक तयार साइट बनवून तिचा बॅकअप प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला रिस्टोअर करायचा विचार आहे. काही धोका?

उत्तर: विचार चांगला आहे, लोक करतात, आणि नुसतं नवीन साइट करून सगळे ॲप टाकण्यापेक्षा बराच वेळ वाचतो. पण तयार साइटमध्ये काय नसावं हे आधी ठरवा.

कंपनी नसावी. ईआरपीनेक्स्टमध्ये कंपनीचं छोटं नाव प्रत्येक खात्याच्या आणि गोदामाच्या नावामागे चिकटतं, कॅशच्या पुढे डॅश आणि मग ती दोनतीन अक्षरं. नमुन्यात कंपनी केलीत तर ती अक्षरं सगळ्या गिऱ्हाइकांच्या ताळेबंदात कायमची राहतात आणि नंतर नीट बदलता येत नाहीत. कंपनी नेहमी त्या गिऱ्हाइकाच्या साइटवर सेटअप विझार्डनेच करा, तो विझार्ड स्क्रिप्टमधून पण चालवता येतो, देश भारत, रुपया, टाइमझोन आशिया कोलकाता, वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च आणि भारताचा खात्यांचा तक्ता एवढं द्यायचं.

पासवर्ड नसावेत, कुठलेच. नमुन्यात तुमचा सपोर्टचा युजर आणि त्याचा पासवर्ड असेल तर तोच पासवर्ड तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या दाराची किल्ली झाला. रिस्टोअर करताना ॲडमिनचा नवा पासवर्ड द्या, प्रत्येक साइटला वेगळा, माणसाने न सुचवलेला. एपीआय की पण तशाच, आणि साइटची एन्क्रिप्शन की पण प्रत्येकाची वेगळी असू द्या.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमचे प्रिंट फॉरमॅट, रोल, कस्टम फील्ड नमुना साइटमध्ये ठेवूच नका, त्याचं स्वतःचं एक छोटं ॲप करा आणि या गोष्टी त्यात फिक्स्चर, म्हणजे ॲपसोबत येणाऱ्या तयार नोंदी, म्हणून ठेवा. नमुन्याच्या बॅकअपचा दोष असा की तो फक्त जन्माच्या वेळी लागू होतो, सहा महिन्यांनी प्रिंट फॉरमॅटमध्ये सुधारणा केलीत तर जुन्या गिऱ्हाइकांपर्यंत ती पोचत नाही. ॲपमध्ये असेल तर मायग्रेट, म्हणजे साइटचा डेटाबेस नव्या कोडशी जुळवायची कमांड, केलं की सगळ्यांकडे जाते. पण फिक्स्चर प्रत्येक मायग्रेटला परत बसवले जातात, म्हणजे गिऱ्हाइकाने तुमच्या प्रिंट फॉरमॅटमध्ये स्वतःच्या हाताने लोगो हलवला असेल तर पुढच्या अपडेटला तो बदल जातो आणि मग फोन येतो. त्यांना सांगून ठेवा की बदल करायचा तर कॉपी करून घ्या, मूळ फॉरमॅटला हात लावू नका. आणि फिक्स्चर काढताना फिल्टर लावा, नाहीतर एका साइटवरची सगळी कस्टम फील्ड, कुणा एका हॉटेलासाठी केलेलीसुद्धा, ॲपमध्ये शिरतात आणि किराणा दुकानाच्या बिलात रूम नंबर दिसायला लागतो.

अजून एक, व्हर्जन १४ पासून भारताचं जीएसटी मूळ ईआरपीनेक्स्टमध्ये नाही, इंडिया कम्प्लायन्स नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये आहे. तुमच्या स्क्रिप्टच्या यादीत ते नसेल तर साइट छान उभी राहील, सगळं चालेल, आणि पहिलं बिल निघेल तेव्हा कळेल की जीएसटीआयएनचा रकानाच नाही.

प्रश्न (नाशिक): आमच्या बेंचवर २६ साइट आहेत. त्यातला एक द्राक्ष निर्यातवाला आहे, सीझन आला की त्याच्या साइटवर मागच्या तारखेच्या स्टॉक एन्ट्री पडतात आणि तेव्हा बाकी सगळ्यांचे मेल आणि रिपोर्ट अडकून बसतात. सर्व्हरचा सीपीयू तर निम्मा रिकामा दिसतो. रॅम वाढवू का?

उत्तर: रॅम नका वाढवू, निदान आधी नको. सीपीयू रिकामा आणि कामं अडकलेली म्हणजे रांग भरलीये.

फ्रापेमध्ये, म्हणजे ईआरपीनेक्स्ट ज्या पायावर उभं आहे त्या फ्रेमवर्कमध्ये, पाठीमागच्या कामांच्या तीन रांगा असतात, शॉर्ट, डीफॉल्ट आणि लाँग. पहिल्या दोन्हींना मुळात ३०० सेकंदांची मुदत आणि लाँगला १५०० सेकंदांची. या रांगा बेंचच्या असतात, साइटच्या नसतात, हे समजलं की तुमचा सगळा प्रश्न उलगडतो. मागच्या तारखेची स्टॉक एन्ट्री पडली की त्यापुढच्या सगळ्या व्यवहारांचं मूल्य परत काढावं लागतं, ते लांबलचक काम रांगेत जाऊन बसतं, तुमच्याकडे लाँगला एकच वर्कर असेल तर तो त्या द्राक्षवाल्यासाठी राबत राहतो आणि उरलेले २५ जण त्याच्या मागे उभे. रेशनच्या रांगेत पुढच्याने दहा जणांची कार्डं आणावीत तसं. बेंच डॉक्टर चालवून बघा, कोणत्या साइटची किती कामं थांबलीत ते दिसेल, व्हर्जन १४ पासून प्रत्येक साइटच्या आरक्यू जॉबच्या यादीत त्या साइटची कामं पण दिसतात.

उपाय एकामागून एक करा. स्टॉक रीपोस्टिंग सेटिंग्जमध्ये जाऊन त्या साइटला वेळ ठरवून द्या, संध्याकाळी आठ ते सकाळी सहा असं काहीतरी, फुकटचा उपाय आहे आणि बऱ्याचदा एवढ्याने भागतं. मग कॉमन साइट कॉन्फिगमध्ये बॅकग्राउंड वर्करची संख्या वाढवा, सीपीयू रिकामा आहेच, पण प्रत्येक वर्कर स्वतःची मेमरी खातो तेव्हा एकेक वाढवून दोन दिवस बघत जा. बदल केल्यावर बेंच सेटअप सुपरवायझर परत चालवून सुपरवायझरला, म्हणजे वर्कर चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामला, नवीन फाइल वाचायला लावायची, नुसती फाइल बदलून काही होत नाही, हे विसरून लोक तासन्‌तास बसतात. तुमचा स्वतःचा ॲप जड काम करत असेल तर कॉन्फिगमध्ये वर्कर्स या नावाखाली वेगळी रांग काढता येते, तिला स्वतःची मुदत आणि स्वतःचे वर्कर देता येतात, पण काम त्या रांगेत घाला असं कोडमध्ये सांगावं लागतं. ईआरपीनेक्स्टच्या आतली कामं तुमच्या रांगेत आपोआप जात नाहीत.

ब्राउझरकडून येणारा मारा वेगळा. कुणी बाहेरून एपीआयने दर सेकंदाला स्टॉक विचारत असेल तर त्या साइटच्या कॉन्फिगमध्ये रेट लिमिट लावा. त्यात विंडो आणि लिमिट असे दोन आकडे, दोन्ही सेकंदात, म्हणजे ३६०० आणि ६०० दिले तर तासाभरात त्या साइटसाठी सर्व्हरची एकूण ६०० सेकंदच खर्च होतील, पुढच्याला ४२९, म्हणजे आता थांबा, असं उत्तर जातं. किती विनंत्या आल्या ते मोजत नाही, सर्व्हरचा किती वेळ खाल्ला ते मोजतं, आणि मला ते जास्त न्याय्य वाटतं.

आणि हे सगळं करूनही सीझनमध्ये अडत असेल तर द्राक्षवाल्याला वेगळी बेंच द्या. त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये दुसरी बेंच करता येते, तिचे रेडिस वेगळे, वर्कर वेगळे, पोर्ट पुढचे. डेटाबेस सर्व्हर आणि डिस्क मात्र अजून सामायिकच राहतात, ते वेगळं करायचं असेल तर सर्व्हरच वेगळा.

प्रश्न (अमरावती): जुन्या सर्व्हरवरून बॅकअप घेऊन नवीन सर्व्हरवर रिस्टोअर केला. सगळा डेटा आला पण ईमेल जात नाही, एन्क्रिप्शन की चुकीची आहे असं म्हणतंय.

उत्तर: जुन्या साइटच्या साइट कॉन्फिगमधली एन्क्रिप्शन की नवीन साइटच्या कॉन्फिगमध्ये टाका, लगेच चालू होईल. मेलचे वगैरे पासवर्ड डेटाबेसमध्ये त्या कीने कुलूप लावून ठेवलेले असतात, डेटा आला पण किल्ली जुन्या घरीच राहिली. जुना सर्व्हर बंद करून टाकला असेल आणि साइट कॉन्फिगची प्रत कुठेच नसेल तर प्रत्येक पासवर्ड परत भरावा लागेल, दुसरा मार्ग नाही. म्हणून बॅकअप घेताना फाइल्ससकट घ्या आणि साइट कॉन्फिगची प्रत पण सुरक्षित ठेवा, पण बॅकअपच्याच जागी नको, कुलूप आणि किल्ली एकाच खणात ठेवण्यासारखं होईल.

प्रश्न (पिंपरी, सीए): माझे काही क्लायंट अशा छोट्या होस्टिंगवाल्यांकडे आहेत. ऑडिटच्या वेळी मी सर्व्हर कुठे आहे, बॅकअप कुठे जातो विचारलं तर कुणालाच नीट सांगता येत नाही. तुमच्या वाचकांना याबद्दल सांगाल का?

उत्तर: नक्की सांगते, आणि हे विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण होस्टिंग करणाऱ्यांना वाटतं की हा सीएचा विषय आहे आणि सीएला वाटतं हा कॉम्प्युटरवाल्याचा.

कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड वगैरे, हिशोबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. आधी नियमात ठरावीक काळाने असं होतं, २०२२ च्या दुरुस्तीत रोज असं झालं. तेव्हा स्क्रिप्टमध्ये बाहेरच्या बॅकअपसाठी ॲमेझॉनचं एस३ स्टोरेज लावत असाल तर रीजन मुंबई आहे का बघा, कुठलं तरी स्वस्त म्हणून अमेरिकेतलं निवडलेलं नको, आणि वारंवारता आठवड्याची ठेवलेली असेल तर रोजची करा. शिवाय कंपनीला दरवर्षी रजिस्ट्रारला सेवा देणाऱ्याचं नाव, आयपी पत्ता, ठिकाण आणि वह्या क्लाउडवर असतील तर त्याचा पत्ता कळवावा लागतो. तो सेवा देणारा म्हणजे तुम्ही. मी वर जी नोंदवही सांगितली तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकासमोर सर्व्हरचा आयपी, डेटासेंटरचं शहर आणि बॅकअपची जागा असे तीन रकाने वाढवा, सीएने विचारलं की एका मिनिटात कागद हातात.

ऑडिट ट्रेलचं तर १ एप्रिल २०२३ ला सुरू झालेल्या वर्षापासून सक्तीचं आहे, हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. इंडिया कम्प्लायन्समध्ये ऑडिट ट्रेलची सेटिंग आहे, एकदा चालू केली की परत बंद होत नाही. लिमिटेड कंपनीची साइट असेल तर पहिलं बिल पडायच्या आधी ती चालू व्हायला पाहिजे, कारण ऑडिटरला लिहून द्यावं लागतं की ट्रेल वर्षभर चालू होता, मार्चमध्ये जागं होऊन चालू केला तर मागचे अकरा महिने कोरे. आणि ज्याच्याकडे मारियाडीबीचा रूट पासवर्ड आहे तो या ट्रेलच्या पाठीमागून आकडा बदलू शकतो, हेही खरं. म्हणून त्या पासवर्डचा वापर कुणी, कधी, कशासाठी केला याची नोंद ठेवा, आमच्याकडे आम्ही ठेवतो आणि ऑडिटरला मागायच्या आधी देतो. वह्या ८ आर्थिक वर्षं जपायच्या असतात, तेव्हा गिऱ्हाइक सोडून गेलं तर त्याला फाइल्ससकट पूर्ण बॅकअप आणि एन्क्रिप्शन की द्या, पोच घ्या, आणि मगच आपल्याकडचं काढा. पैसे थकले म्हणून डेटा अडवून धरू नका, त्या वह्या त्याच्या आहेत.

प्रश्न (लातूर): ३० साइट एका बेंचवर आहेत, व्हर्जन १४ वरून १५ ला जायचंय. बेंच अपडेट केलं आणि मधेच एखादी साइट अडली तर सगळेच अडकतील अशी भीती वाटते. रविवारी रात्री करू का?

उत्तर: भीती बरोबर आहे. कोड सगळ्यांचा एक असल्यामुळे कोड १५ चा झाला की ज्या साइटचा डेटाबेस अजून १४ चा आहे ती चालणार नाही. मायग्रेटला अडलेली साइट सोडून पुढे जायचा पर्याय आहे पण सोडलेली साइट बंदच राहते, तिचं गिऱ्हाइक सोमवारी सकाळी तुम्हाला फोन करतंच.

चालू बेंचला हातच लावू नका. शेजारी व्हर्जन १५ ची नवी बेंच करा, सगळे ॲप १५ च्या शाखेचे घेऊन, तुमचा स्वतःचा ॲपसुद्धा. तिथे प्रत्येक साइटच्या बॅकअपची प्रत रिस्टोअर करून मायग्रेट करून बघा, खऱ्या गिऱ्हाइकाला कळणारही नाही. ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा शेड्युलर मात्र त्या प्रतीवर बंद ठेवा, आठवणीने, नाहीतर तालमीच्या साइटवरून खऱ्या लोकांना मेल जातील. कुठे किती वेळ लागला, कुठे अडलं ते लिहा. मग पहिल्या खेपेला दोन साइट, त्यातली एक तुमची स्वतःची, मग पाच, मग बाकीच्या. हलवताना जुन्या साइटला मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचं, शेवटचा बॅकअप घ्यायचा, नव्या बेंचवर रिस्टोअर, की टाकायची, मायग्रेट, एक बिल प्रिंट करून बघायचं, आणि मग एन्जिनएक्स नव्या बेंचकडे वळवायचा. जुनी साइट मेंटेनन्समध्ये तशीच आठवडाभर राहू द्या.

रविवारच्या रात्रीपेक्षा महिन्यातली तारीख जास्त महत्त्वाची. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर १ हे ११ तारखेला असतं आणि ३बी २० तारखेला, त्यामुळे पहिले वीस दिवस कुणाच्याच साइटला हात लावायचा नाही. २१ ते २७ मध्ये करा, आणि मार्च एप्रिल तर सोडूनच द्या.